खिडकीजवळची खाट

"पोरींना घरी म्हणजे कुठं धाडू, सर?" वसतिगृहाच्या रेक्टर वनमालाबाईंनी विचारलं. "आईबाप उसाला गेलेत. घरांना कुलपं आहेत. म्हणून तर पोरी इथं राहतात."

प्राचार्य अमरसिंहांनी निमंत्रणपत्रिकेवरून मान वर केली नाही. कॉलेजची राष्ट्रीय परिषद तोंडावर आली होती. 'सामाजिक संशोधन : गरजा आणि प्राधान्यक्रम' असं भारदस्त नाव होतं तिचं, पण सकाळपासून काथ्याकूट चालला होता तो संस्थेच्या अध्यक्षांचं नाव आधी छापायचं की आमदारांचं, यावर.

"नातेवाईक असतील की कुणी," ते म्हणाले. "दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना काय लॉजवर उतरवायचं? कॉलेजची अब्रू आहे, बाई."

वनमालाबाईंची नोकरी कंत्राटी होती आणि दरवर्षीची ऑर्डर याच माणसाच्या सहीनं निघायची. त्यांनी पोरींना खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत पोरी पिशव्या घेऊन निघून गेल्या. शेवटी उरली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची शिवकन्या.

"मी नेकनूरला मावशीकडं जाते, म्याडम. तुमी नका काळजी करू," असं म्हणून तीही एसटीत चढली.

परिषदेचं उद्घाटन रखडलं, कारण पाहुण्यांना आधी लिंबागणेशला दर्शन घ्यायचं होतं. मग फेटे, शाली, नारळ. सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. निबंध वाचायला आलेल्या बिचाऱ्यांना निबंधाचं नाव तेवढं वाचायला मिळालं. बीजभाषणाला पुण्याहून एक डॉक्टर आले होते, औषधाचे नव्हेत, समाजशास्त्राचे. "ऊसतोड मजुरांच्या मुलींचं शिक्षण! संशोधनात अग्रक्रम याच विषयाला मिळाला पाहिजे," असं त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत वनमालाबाईंनी हात मांडीवरच ठेवले. काल रात्री हा गृहस्थ अशाच एका मुलीच्या खाटेवर घोरत होता, आणि कुणी सांगितलं असतं तरी त्याला त्यात काही वावगं वाटलं नसतं, याची त्यांना खात्री होती.

दुसऱ्या दिवशी क्षेत्रभेट होती. म्हणजे जीपमध्ये बसून गरिबी बघून यायची आणि समारोपाच्या जेवणाला वेळेवर परतायचं. पाहुण्यांची सरबराई करायला वनमालाबाईही जीपच्या मागच्या सीटवर होत्या.

"व्यवस्था उत्तम आहे हो," डॉक्टर वाटेत प्राचार्यांना म्हणाले. त्यांनी दोन्ही कानांत कापूस घातला होता. "पण मला नेमकी खिडकीजवळची खाट आली. रात्रभर फटीतून वारा. कान ठणकतोय."

"आजच बदलून देतो, सर," अमरसिंह अजिजीनं म्हणाले. मुलींनी दोन वर्षं त्या खिडकीचं रडगाणं गायलं, तेव्हा ते त्यांना ऐकू आलं नव्हतं.

गावात चिटपाखरू नव्हतं. दारोदार कुलपं. पाहुण्यांनी कुलपांचे फोटो काढले. एका बाईंना गंजलेलं कुलूप हवं होतं, ते शोधण्यात बराच वेळ गेला.

गल्लीच्या टोकाच्या एका घरातून मात्र धूर येत होता. दार वाजवल्यावर आतली कडी निघाली. दारात शिवकन्या उभी होती. एका हातात फुंकणी, दुसऱ्या हातात पुस्तक. वनमालाबाई घाईनं पुढे झाल्या. सगळ्या गावात पोर एकटी.

"शिवकन्ये? तू मावशीकडं गेली होतीस ना?"

ती काही बोलायच्या आत डॉक्टर पुढे सरसावले. त्यांना हवं ते सापडलं होतं. आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, "बाळ, शिक्षण का सोडलंस?"

"सोडलं न्हाई, सर."

"मग इथे एकटी कशी?"

"मावशीकडं गेलते. ती म्हणली, उसाच्या फडावर आईपाशी जा. म्हणून पळून आमच्या घरी आले." शिवकन्येनं वनमालाबाईंकडं पाहिलं. "फडावर गेलेली पोरगी कालेजात माघारी येत न्हाई, म्याडम. लगीन लावून देतेत अन् हातात कोयता. इथं आतून कडी लावून ऱ्हाते मी. रात्री लई भ्या वाटतं, पर ऱ्हाते."

"अप्रतिम!" डॉक्टर म्हणाले आणि खिशातून मोबाईल काढू लागले. "बाळ, हेच पुन्हा एकदा सांगशील? रेकॉर्डिंग चालू नव्हतं."

"सर, समारोपाला अध्यक्ष येऊन बसले असतील," अमरसिंह घाईघाईनं मध्ये पडले. "निघू या."

वनमालाबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. ऑर्डर निघो नाहीतर खड्ड्यात जावो.

"ती आपल्याच हॉस्टेलची आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पाहुण्यांसाठी आपण तिला बाहेर काढलंय. चार नंबरची खोली. खिडकीजवळची खाट."

अमरसिंह जीपकडं बघत राहिले. डॉक्टरांचा मोबाईल धरलेला हात तसाच वर राहिला.

शिवकन्येनं डॉक्टरांच्या कानांतल्या कापसाकडं निरखून पाहिलं. तिचा चेहरा एकदम उतरला.

"तुमी झोपता व्हय तिथं, सर?" ती म्हणाली. "वारा लई येतो तिथून. गादीखाली माझ्या जुन्या ओढणीचा बोळा हाय बघा. तेवढा फटीत कोंबायचा अन् मग झोपायचं."