स्वतः भरलेला अर्ज

पाच वाजायला अठरा मिनिटं होती आणि लॅपटॉपने एकच हेका धरला होता.

"बटण," तो म्हणाला. ताईने पुढची कळ दाबली. "बटण." पुन्हा दाबली. "बटण."

ताईला दिसत नाही. पडद्यावरचं सगळं लॅपटॉप तिला वाचून दाखवतो, आणि कान इतका तयार की ते वाचन ती दुप्पट वेगाने ऐकते. अर्ज होता ग्रंथालयातल्या बोलक्या पुस्तकांच्या विभागप्रमुखपदाचा. मुदत आज पाचपर्यंत. पुढच्या महिन्यात तिचं वय अटीबाहेर जाणार होतं, म्हणजे आज हुकलं की कायमचं हुकलं. अर्जाचं हे पान बनवलं होतं तिच्याच धाकट्या भावाने. स्वारी हौसेने शेजारी खुर्ची ओढून बसली होती, आपलं पान ताई कसं झरझर भरते ते बघायला.

नाव, शिक्षण, अनुभव झरझर झालंही. घोडं अडलं ते फोटोपाशी. तिथे ओळीने बटणं होती, चित्रांची, मोठी देखणी. बघणाऱ्याला बघताक्षणी कळावीत अशी. लॅपटॉपने वाचावं असं नाव मात्र एकालाही दिलेलं नव्हतं. मघाशी ताईने अंदाजाने एक दाबलं तर सगळा अर्जच पुसला गेला. तिने हूं की चूं न करता तो पुन्हा भरला आणि पुन्हा इथेच येऊन थांबली.

"फोटो कुठून चढवायचा?" तिने विचारलं.

धाकट्याने माउसकडे पाहिलं. फोटो माउसने ओढून चौकटीत टाकायचा होता. कीबोर्डवरून चढवायची सोयच त्याने केली नव्हती. ते त्याने कसंबसं सांगितलं.

आवाजावर चालवून पाहिलं होतंस ना, असं ताईने विचारलं. पाहिलं होतं, तो म्हणाला. मग हळूच पुढचंही बोलला. त्या सततच्या बडबडीने ऑफिसातली माणसं वैतागायची, म्हणून आवाज बंद ठेवून पाहिलं होतं. पडद्याकडे बघत बघत. धन्य तो मुलगा! वर तपासणीच्या यादीत 'अंध व्यक्तीला वापरता येते' यापुढे खूण करून मोकळा झाला होता.

ताईने नुसतं किती वाजले ते विचारलं. त्याला ते जास्त लागलं. त्याने माउस ओढला, फोटो चौकटीत टाकला. पाचला सात मिनिटं कमी होती. ताईने झपाझप कळा दाबल्या आणि शेवटच्या ओळीवर लॅपटॉप खणखणीत बोलला, "हा अर्ज मी कोणाच्याही मदतीशिवाय स्वतः भरला आहे. खूण केलेली नाही."

या पदावरच्या माणसाला संगणक स्वतःचा स्वतः चालवता यायला हवा, म्हणून ग्रंथालयाने ती ओळ मुद्दाम घालायला लावली होती.

ताईचं बोट कळीवर होतं. दाबलं की काम फत्ते. धाकट्याचा जीव टांगणीला लागला. एवढासा फोटो टाकला म्हणजे काही मदत होत नाही, फॉर्म तूच भरलास, असं तो तिला परोपरीने समजावू लागला. चार मिनिटं उरली.

"कर ना खूण, ताई. कोण बघतंय?"

ताईने मान त्याच्याकडे वळवली. "तू खूण केलीस तेव्हा हेच म्हणाला होतास?"

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. साहेब चुकीला माफ करणारे, थापेला नाही. मग त्याने फोन काढून साहेबांना लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. पाचला दोन मिनिटं कमी असताना साहेबांनी उचलला.

"साहेब, अर्जाचं पान आज पाचला बंद करू नका," तो म्हणाला. "तपासणीच्या यादीतली माझी एक खूण खोटी आहे."

कोणती, असं साहेबांनी विचारलं.

त्याने फोन लॅपटॉपजवळ धरला. ताईने कळीवरचं बोट उचललं, फोटोपाशी मागे गेली आणि एकेक कळ सावकाश दाबू लागली.

"बटण," लॅपटॉप म्हणाला. "बटण. बटण."