चार बोटं पुढे

"हे नाक माझ्या विमानाचं नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी मॉडेल धाकटीच्या हातात परत दिलं.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे तिसरं मॉडेल. पहिल्याचे पंख म्हणे जाड झाले. दुसऱ्याची शेपटी बसकी निघाली. आता नाक!

"बाबा, मी स्वतः टेपने मोजलंय. दोनदा."

"मग टेपला विचार ना. मला कशाला विचारतेस?"

धाकटी कवळ्या बनवायची. केसभर चूक झाली तर माणसाला घास चावता येत नाही, असलं ते काम. वीस वर्षांत तिची एकही कवळी परत आली नव्हती, आणि घरचं हे वीतभर लढाऊ विमान काही केल्या पास होत नव्हतं.

बाबा अकरा वर्षं एकाच विमानाचे मेकॅनिक होते. सत्तावीस नंबर. तेच विमान आता रस्त्याच्या टोकाला चौकात उभं होतं, अंगावर नंबर आणि खाली दगडात कोरलेला पराक्रम. नगरपालिका दर पावसाळ्यानंतर त्याला रंग द्यायची, त्यामुळे गंजाचा एक ठिपका दिसायचा नाही. ते चौकात आलं तोवर बाबांची नजर काचबिंदूने गेली होती. या जातीची विमानं मोजकीच झाली, म्हणून दुकानात तयार संचही मिळत नव्हता. चौथरा उंच, तेव्हा धाकटी बांबूला टेप बांधून खालून मापं घ्यायची. येणारे जाणारे हसायचे. हसेनात का!

कारण प्रश्न खेळण्याचा नव्हता. बाबा दोनदा गॅस चालू ठेवून झोपले होते. एकदा त्यांनी धाकटीला आईच्या नावाने हाक मारली होती. थोरल्या भावाने लगेच वृद्धाश्रमात खोली बघितली. धाकटी हटून बसली. डॉक्टर म्हणाले होते, हाताखालून गेलेलं काम माणूस सहसा विसरत नाही. तेही विसरायला लागले तर मात्र एकटं ठेवू नका. धाकटी दिवसभर कामावर. तिने भावाला शब्द दिला होता, "बाबा आपलं विमान हाताने ओळखतील. नाही ओळखलं तर मी अडवणार नाही."

आणि बाबा होते की आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होते.

"हवा आत जायचं तोंड चार बोटं पुढे होतं," ते आता म्हणाले. "रोज सकाळी डोकं घालायचो मी त्यात. मला सांगतेस होय?"

थोरला फोनवरचे फोटो मॉडेलशेजारी धरून बघत होता. बाबा म्हणतात तसं नाक करून त्याच्या डोळ्यांत धूळ फेकायचीही सोय नव्हती.

"अगदी तंतोतंत आहे गं," तो हळूच म्हणाला. "तुझं काहीच चुकलेलं नाही."

धाकटीला मॉडेल भिंतीवर फेकून मारावंसं वाटलं. "बाबा, एकदा, फक्त एकदा बरोबर म्हणा ना!"

 बाबांनी बोटं पुन्हा नाकावरून फिरवली, मग पंखावरून.

"नीट मोजलंस?"

"हो."

"तू मोजलंस म्हणजे बरोबरच असणार." त्यांनी मांडीवर हात पुसले. "माझंच डोकं गेलं म्हणायचं. आणा तो वृद्धाश्रमाचा कागद. सही कुठे करायची ते बोटाने दाखव."

धाकटीने त्यांचं बोट रेघेवर ठेवलं. रडू आलं ते तिने दाबलं नाही.

दुपारी थोरल्याने गाडी आणली. बाबांची बॅग भरताना तिने मॉडेल वर ठेवलं, तर त्यांनी चाचपून ते बाहेर काढलं. "राहू दे. दुसऱ्याचं विमान मी कशाला नेऊ?"

वृद्धाश्रमातून परतताना ती चौकात उतरली. थोरला म्हणाला, "आता काय राहिलंय तिथे?" काही नव्हतं राहिलं. नुसता राग होता: टेपवर, त्या विमानावर, स्वतःवर. चौथऱ्याला परांची बांधली होती, यंदाचं रंगकाम निघालं होतं. पर्समध्ये टेप होतीच. एकदा, शेवटचं, अगदी जवळून ते नाक मोजायचं म्हणून तिने वर चढायला सुरुवात केली.

"चढा, पण नाकावर भार देऊ नका हं, बाई," रंगारी वरून ओरडला, "मागाहून बसवलेलं त्याचं प्लायवुड यंदाही कुजलंय."