वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर

सत्त्याण्णव साली, एका मंगळवारी सकाळी कोर्टाने चौकशीसाठी नेमलेल्या बाई पेंटरांच्या घरी आल्या, तेव्हा दार पेंटरांनीच उघडलं. माणूस ताडमाड, प्रत्येक चौकटीतून वाकूनच ये-जा करायचे. चाळीस वर्षं त्यांनी गावभरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आता घरातच पाट्या लागल्या होत्या. ‘साखर’. ‘मीठ’. ‘गॅस बंद केला का?’ अक्षर अजूनही मोत्यासारखं.

“बघा,” थोरला मुलगा म्हणाला. “स्वतःच्या घरात बाबांना पाट्या लागतात. त्यांचं पालकत्व माझ्याकडे द्या. चांगल्या आश्रमात सोय केलीय मी.”

“आणि आईची?” धाकट्या बहिणीने विचारलं.

“तिथे जोडप्यांना घेत नाहीत. आई माझ्याकडे येईल.”

“वा! भांडीकुंडी वाटून घ्यावीत तसे आईबाप वाटून घे! आई ठणठणीत आहे. तिलाच पालक नेमा. दोघं इथेच राहतील.”

आई नुसती हसत बसली होती. पेंटरांच्या कोपराला लागेल एवढीशी, पण घरात शेवटचा शब्द तिचा.

बाई एक पाटी वाचायला वाकल्या. मग दुसरी. त्यांना नवल वाटलं. “इतक्या खाली का हो लावल्यात?”

“पाटी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवी,” पेंटर म्हणाले. “आमच्या धंद्यातला पहिला धडा.”

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं : उंचीचाही अंदाज राहिलेला नाही.

“काका, आज वार कोणता?”

पेंटरांनी बायकोकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता? परीक्षा तुमची आहे!” आई म्हणाली. सगळे हसले.

“रविवार,” पेंटर म्हणाले.

“मुलं किती तुम्हाला?”

“दोन. की तीन? एकाचा रंग उडालाय.”

थोरल्याने तोंड फिरवलं.

“आणि ह्या कोण?” बाईंनी आईकडे बोट दाखवलं.

“हिला नाही विसरणार. तेवढं सोडून काहीही विचारा.”

महिन्याभराने निकाल लागला. आई पालक झाली. कोर्टात सही करायची वेळ आली, तेव्हा पेंटरांनी कागदावर बोट ठेवलं. “इथे.” आईने बोटापाशी सही केली.

थोरला वर्षभर रुसला, मग बदली घेऊन लांब गेला आणि फोनवरच भेटत राहिला. बाई निवृत्त झाल्या. निवृत्त होईपर्यंत नव्या लोकांना याच घराचं उदाहरण द्यायच्या, की निर्णय असा घ्यावा. धाकटी दर रविवारी यायची. बाबा कणीक मळताना दिसले की म्हणायची, “पालकबाईंनी कामाला जुंपलं वाटतं!” बाबाही हसायचे.

पाच वर्षांनी पेंटर झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी आई खिडकीशी शांत बसून होती. तिच्यासाठी धुतलेले कपडे घ्यायला धाकटीने तिचं कपाट उघडलं. त्या कपाटाला आईशिवाय कोणी हात लावत नसे. दाराच्या आतल्या बाजूला एक पाटी होती. वाचायला धाकटीला वाकावं लागलं. वर पेंटरांनी स्वतःचा चेहरा रंगवला होता, आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं :

‘हा तुझा नवरा. घरात दिसला तर घाबरू नकोस.’