डाव तुमचा

घंटी वाजली तेव्हा श्रीकृष्णरावांच्या अर्ध्या गालावर साबण होता. दाढीचं सामान बेसिनवर टाकून ते तसेच बाहेरच्या खोलीत धावले.

"सुचित्रा! फुलचंदचा मेल!"

"मलेही घंटी ऐकू येते," बायको आतून म्हणाली.

ही घंटी म्हणजे श्रीकृष्णरावांची स्वतःची करामत. केळापूरच्या फुलचंद राठोडांचा मेल आला की घरचा संगणक तो आपणहून उघडायचा, घंटी वाजवायचा, बुद्धिबळाची चाल वेगळी काढायचा आणि पडद्यावरच्या पटावर मोहरा हलवायचा. उत्तराची चाल ठरली की श्रीकृष्णरावांनी एक बटण दाबायचं. तारीख, डावाचा क्रमांक, नमस्कार, खाली सही, सगळं लागून मेल रवाना.

तहसीलीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आर्णीच्या या घरात आठ दिवस खपून त्यासाठीची संगणकाची स्क्रिप्ट लिहिली होती. "दोन ओळी हातानं लिहायला काय होते?" असं सुचित्राबाईंनी विचारलं होतं. "रोजची दोन मिनिटं वाचतात," असं त्यांनी सांगितल्यावर बाईंनी नुसतं कॅलेंडरकडे पाहिलं होतं.

आज पटावर काहीच हललं नाही. मेलमध्ये चालच नव्हती. दोन शब्द होते.

"डाव तुमचा."

श्रीकृष्णराव मटकन खुर्चीत बसले, लगेच उठले, पुन्हा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"जिंकलो! अगं, जिंकलो मी!"

चार वर्षांत सत्तावीस डाव झाले होते. फुलचंद निवृत्त वायरमन. दोघांची ओळख इंटरनेटवरच्या बुद्धिबळाच्या एका गटात झाली, आणि मैत्री जमली ती या असल्या करामतींवरून. चालीखाली फुलचंद लिहायचे, 'आज संगणकाले शिकवलं, फोटो आपापल्या खणात ठेवते.' श्रीकृष्णराव कळवायचे, 'माझा रोज सकाळी पंचांग वाचून दाखवतो.' फोन करायचा नाही, भेटायचं नाही, फक्त मेल. असं दोघांनी गमतीनं ठरवलं होतं. एकदा फुलचंदनी लिहिलं होतं, 'असं जमवतो, का मी नसलो तरी तुम्हाले उत्तर येईल.'

गेलं वर्षभर मात्र करामती बंद झाल्या होत्या. नुसत्या चाली यायच्या. आणि काय चाली! पूर्वीचे फुलचंद वजीर घेऊन अंगावर धावायचे. आता ते वाट पाहायचे, गळ टाकून बसल्यासारखे. श्रीकृष्णराव ओळीनं सहा डाव हरले होते.

"मी केळापूरला जातो," ते म्हणाले. "आजच. करार गेला चुलीत. त्याला समोरासमोर भेटलंच पाहिजे."

"जा ना. पण आधी तोंड धुवा."

यवतमाळला त्यांनी गाडी बदलली. पांढरकवड्याला उतरून पाव किलो पेढे घेतले. त्याआधी गाडीत बाजूच्या प्रवाशाला त्यांनी अख्खा डाव समजावून सांगितला. तो बिचारा घाटंजीच्या फाट्यावर उतरला तरी ते खिडकीतून बोटानं हत्ती दाखवत होते.

केळापुरात फुलचंदचं घर विचारल्यावर ऑटोवाल्यानं त्यांच्याकडे जरा थांबून पाहिलं. मग त्यानं घरासमोर सोडलं.

दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. श्रीकृष्णरावांनी नाव सांगताच त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आर्णीचे? या, भाऊजी. मी हंसाबाई."

आत भिंतीवर फुलचंदचा फोटो होता. फोटोला हार होता.

पेढ्यांचा पुडा श्रीकृष्णरावांच्या हातातच राहिला. "कधी?"

"चौदा महिने झाले."

कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक चालू होता. पडद्यावर पट होता, त्यावर कालचे मोहरे जिथल्या तिथे.

"हे बंद नाही केलं तुम्ही?"

"काहून बंद करू? त्यांनीच सारं करून ठेवलं. शेवटी त्यांना दिसत नव्हतं, म्हणून संगणक आलेला मेल मोठ्यानं वाचते. मी चुलीपाशी असली तरी आवाज येते. उत्तरबी इथूनच जाते."

हंसाबाई चहा टाकायला आत गेल्या. श्रीकृष्णराव पटासमोर उभे राहिले. चौदा महिने, सात डाव, आणि समोर कोणीच नव्हतं. त्यांनी पेढ्यांचा पुडा फोटोखाली ठेवला. आणि एकदम अंगावर काटा आला. फुलचंदनं जमवलं होतं! माणूस गेला आणि त्याचा संगणक आर्णीला चाली धाडत राहिला. घरच्या साध्या संगणकावर, एका वायरमननं! असं काही आपल्याला सात जन्मात सुचलं नसतं.

"वहिनी," चहा आला तेव्हा ते म्हणाले, "तुमचा नवरा थोर माणूस होता. त्याच्या यंत्रानं मला सहा वेळा धूळ चारली. आता जिंकलो, पण कोडं उलगडत नाही. एकतिसाव्या चालीला त्यानं उगाच घोडा उचलला, तिथून माझा हत्ती आत घुसला. यंत्र असं चुकत नाही. मग हे कसं चुकलं?"

हंसाबाईंनी कप त्यांच्यापुढे ठेवला. पटाकडे पाहून त्या जराशा चिडूनच म्हणाल्या,

"यंत्र कायचं, भाऊजी? त्या दिवशी चुलीवरचं दूध उतू चाललं होतं, नाही तर मी घोडा कायले हलवला असता?"