झाडाचं पाणी

“वहिनी, ह्या झाडाच्या दिसण्यावर जाऊ नका,” बागेत माळीकाम करणाऱ्या सोमनाथने बजावलं होतं. “साल बारमास सुटते, मेलं तरी तसंच दिसतं. पान चुरगळून वास घ्यायचा. कापरासारखा आला तर जिवंत.” मैथिली हसण्यावारी नेऊन वर निघून गेली होती.

दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या तिच्या बिल्डिंगपुढे ते एकच झाड होतं, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या दलदलीतलं. पांढरी साल कागदासारखी पापुद्र्यांनी निघायची. मैथिलीची चार वर्षांची मुलगी शुभ्रा त्या सालीवर चित्रं काढायची. मंदी आली, बागेचा कंत्राटदार देश सोडून पळाला, पाण्याच्या नळ्या कोरड्या पडल्या. तेव्हा सोमनाथ सायकलला दोन कॅन अडकवून दारात उभा राहिला. “वहिनी, झाडापुरतं पाणी द्याल?”

दोन महिने ती रोज कॅन भरून देत होती.

मग नवऱ्याची, राजनचीही नोकरी गेली. पुण्याला परतायच्या दोन दिवस आधी शुभ्राला साल काढून देताना मैथिलीने सहज एक पान चुरगळलं. नुसता भुगा झाला. वास नाही. बुंध्याशी माती भाजलेली.

संध्याकाळी सोमनाथ आला. लिफ्टपाशी चार माणसं उभी होती, त्यांच्यादेखतच ती म्हणाली, “काय रे, पाणी विकतोस का माझं?”

त्याने कॅन खाली ठेवले. “चुकलं, वहिनी.”

कॅन तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी टॅक्सीत बॅगा चढवताना वॉचमन मोहिद्दीन म्हणाला, “मॅडम, रास अल खोर में सोमनाथ लोगों का शेड है. पानी कब से बंद है. ग्यारह आदमी वही पीते थे.”

“मग मला मागायचं ना त्याने!”

“माँगा तो था, मॅडम. झाड का नाम लेके.”

ती धावत वर गेली. पाच गॅलनची बाटली ओढत खाली आणली. “आजच पोचव. नक्की?”

“इन्शाल्ला,” मोहिद्दीन म्हणाला.

“मम्मा, यल्ला, चल ना!” शुभ्रा टॅक्सीतून ओरडली.

आता पुण्यात, दुबईला निघालेला कुणीही भेटला की मैथिली हेच सांगते. रास अल खोरला गॅरेजांच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथे सोमनाथ म्हणून हाक मारा. तो हसेल, “बरं आहे” म्हणेल. त्याच्या दिसण्यावर जाऊ नका.