आजचं वाचन

पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलिमालाला बुद्धानं जवळ केलं, इथपर्यंत विशाखाबाईंनी वाचलं आणि विहारातले सगळे एका सुरात म्हणाले, "साधू, साधू, साधू."

बाईंनी ग्रंथ मिटून पेपर उघडला. "मोबाईल चोरल्याच्या संशयावरून बुद्धनगरात मजुराला खांबाला बांधून बेदम चोप. बरगड्या मोडल्या." त्यांनी पेपर खाली केला. "हं, म्हणा की साधू."

बुद्धनगर म्हणजे हीच वस्ती.

"बाई, ग्रंथ वाचा. पेपर आम्ही घरी वाचतो," सेक्रेटरी खोब्रागडे म्हणाले.

"वाचता, आणि मारहाणीच्या फोटोत आपण कुठं दिसतोय ते शोधता. माझं वाचन बंद करायचं तर करा. मी दवाखान्यात त्याला डबा घेऊन चालले."

"चोराला डबा?"

"अंगुलिमालाला दगड मारणारी माणसंही याच ग्रंथात आहेत, खोब्रागडे. तुम्ही त्यांच्यात आहात."

मागून गिरजाबाई उठली. मोबाईल तिचाच गेला होता.

"मोबाईल माझा गेला आणि लाथा तुम्ही घातल्या, दादा," ती खोब्रागड्यांना म्हणाली. "आता तुमची रिक्षा काढा. आम्हाला दवाखान्यात सोडा, आणि वर त्याच्या खाटेपर्यंत तुम्हीही या."