पाळीचा दिवस

सकाळी सहा वाजता उपग्रहाने देशभरातल्या छपरांखालची माणसं मोजली. वामनच्या मोबाइलवर घराचा आकडा आला: चार. पहिली तारीख असल्याने, महिन्याच्या पाळीप्रमाणे, त्याने आईला साडेपाचलाच रिक्षाने भावाकडे धाडलं होतं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "दादा, आमचे तीनच दिसतायत. आई तुझ्याकडेच आहे ना?"

"ती वाटेत असेल!"

"मोजणीच्या दिवशी? तासभर जड झाली होती तुला?"

मोजणीतून सुटलेल्याचं रेशन आणि औषध पुढच्या मोजणीपर्यंत, म्हणजे दहा वर्षं, बंद होई. फेरमोजणी सातला होती.

वामनने रिक्षावाल्याला गाठलं.

"आजी बाजारतळावरच उतरल्या की. म्हणाल्या, कुणाच्या घरात मोजायचं ते आधी पोरांना ठरवू दे."

सहा पन्नासला दोघे भाऊ बाजारतळावर पोहोचले. आई तिथे नव्हती.